बायकोले अमेरिकेत मास्तरकी भेटली, सोबत गेलो तर मले काम करता येईन का?

वावरवाला_वायरमन

नमस्कार मंडळी. इथं पहिल्यांदाच लिहून रायलो, काही चुकलं तर सांभाळून घेजा.

आमी आर्वी तालुक्यातले. पाच एकर कोरडवाहू वावर, सोयाबीन अन् तूर. मी आयटीआय केलेला वायरमन हाय, चार-पाच गावाच्या मोटारी अन् घरफिटिंगचं काम माह्याकडंच असते. बायको एमएस्सी बी.एड., गणित शिकवते. नऊ वर्षं झाली विनाअनुदानित शाळेत. पगार शिक्षणसेवकाच्या १८,००० मानधनापेक्षाबी कमी, अन् थोबी तीन-तीन महिने येत नाई. पवित्र पोर्टलवर दोनदा प्राधान्यक्रम भरले, नंबर लागला नाई.

आता तिची अमेरिकेतल्या एका सरकारी शाळेत निवड झाली. जे-१ व्हिसा, म्हणजे देवाणघेवाणीवर येणाऱ्या शिक्षकांचा, तीन वर्षं. ऑगस्टात शाळा सुरू होते, म्हणजे जुलैच्या शेवटी निघा लागन. मी अन् चार वर्षांची पोरगी तिच्यासोबत जे-२ वर, म्हणजे जे-१ वाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर.

अमरावतीचा एक एजंट म्हणते, "वर्क पर्मिट इकडूनच काढून देतो, उतरल्या उतरल्या कामाले लागा. दीड लाख लागन." गावातल्या एका पोराचा मावसभाऊ तिकडं हाय, थो म्हणते, "डिपेंडंटले कामच करता येत नाई, करशीन तं वापस पाठवतीन." अन् माहे बाबा रोज एकच विचारतात, "तू तिकडं काय करशीन? बायकोच्या भाकरीवर बसशीन का?"

खरं काय हाय, थे सांगा. मले रिकामं बसणं जमत नाई. पण चुकीचं काम करून तिची नोकरी घालवाची नाई.

संत्र्याची_बाग

भाऊ, आधी वहिनींचं अभिनंदन. नऊ वर्षं असल्या पगारावर गणित शिकवणं सोपी गोष्ट नाही.

त्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. इथं तिकडे राहणारे सदस्य आहेत, ते सांगतीलच.

हिंगणघाटकर

मी तीन वर्षांपूर्वी नेमका तुमच्याच जागेवर उभा होतो. माझी बायको विज्ञान शिकवते, जे-१ वर. मी जे-२. म्हणून सविस्तर लिहितो.

एजंट खोटं बोलतो आहे आणि तो मावसभाऊही चूक आहे. जे-२ नवरा किंवा बायको अमेरिकेत काम करू शकते, पण आधी परवानगीचं कार्ड हातात आलं पाहिजे. त्या कार्डाला तिथे सगळे ईएडी म्हणतात. त्याचा अर्ज आय-७६५ नावाच्या फॉर्मवर होतो आणि तो अमेरिकेत पोचल्यावरच करता येतो. अमरावतीहून, नागपुराहून, मुंबईहून कुणीही ते कार्ड काढून देऊ शकत नाही. कारण अर्जासोबत तुमची आय-९४ ही प्रवेशाची नोंद लावावी लागते, आणि ती तिथल्या विमानतळावर उतरल्याशिवाय तयारच होत नाही. दीड लाख कशाचे, हे त्यालाच विचारा.

कागदी अर्जाची फी ५२० डॉलर आहे. सोबत तुमचा आणि वहिनींचा डीएस-२०१९ (प्रायोजक संस्था देते तो जे व्हिसाचा पात्रता-दाखला), दोघांच्या आय-९४, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती, फोटो, लग्नाचं प्रमाणपत्र आणि एक पत्र. या पत्राबद्दल नीट वाचा, कारण माझा अर्ज इथेच फसणार होता.

नियम असा आहे की जे-२ ची कमाई जे-१ च्या पोटापाण्यासाठी लागणारी नसावी. म्हणजे वहिनींचा पगार त्यांच्या स्वतःच्या खर्चाला पुरतो, हे आधी दिसलं पाहिजे. तुमचा पैसा कुटुंबाच्या फिरण्याला, सांस्कृतिक गोष्टींना, तुमच्या शिक्षणाला असा चालतो. मी पहिल्या मसुद्यात भाबडेपणानं लिहिलं होतं, "पत्नीला घरखर्चात मदत करायची आहे." आपल्याकडे याहून चांगलं कारण कोणतं? पण तिथे नेमकं हेच वाक्य अर्ज नाकारायला पुरेसं ठरू शकतं. बायकोच्या शाळेतल्या एका फिलिपिनो बाईंनी ते वाचलं आणि पाकीट बंद करायच्या आधी थांबवलं. मग मी बायकोचा पगार, घरभाडं, किराणा असा महिन्याचा हिशेब मांडला, तिचं तिला पुरतं हे दाखवलं, आणि मला इंग्रजीचा वर्ग करायचा आहे, मुलाला देश दाखवायचा आहे, असं लिहिलं. ते खरंच होतं. खोटं काही लिहू नका, पण हिशेब आधी करा.

कार्ड यायला मला साडेचार महिने लागले. कुणाला कमी लागतात, कुणाला जास्त. तेवढे महिने एका पगारावर चालवायचे, ही तयारी ठेवूनच निघा.

कार्ड आलं की मात्र मोकळीक आहे. कुठलाही मालक, कुठलंही काम, अर्धवेळ की पूर्णवेळ, कुणाची वेगळी परवानगी नाही. आय-७६५ भरतानाच सोशल सिक्युरिटी नंबरचीही मागणी करता येते, तो रकाना सोडू नका. पगारातून सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअरचे (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा) मिळून ७.६५ टक्के कापतात. जे-१ शिक्षकाला सुरुवातीला त्यातून सूट असते, जे-२ ला ती नाही. पहिली पगारपावती पाहून मी चक्रावलो होतो, म्हणून सांगून ठेवतो.

वावरवाला_वायरमन

हिंगणघाटकर भाऊ, तुमचं लिहिणं बायकोले वाचून दाखवलं. तिनं लगेच वही काढून हिशेब मांडाले सुरुवात केली.

दोन गोष्टी इचारतो. कार्ड येईपर्यंत शेजारच्याचा पंखा, बोर्ड असं किरकोळ काम नगदीनं केलं तं चालन का? अन् माह्या आयटीआयची तिकडं काही किंमत हाय का?

हिंगणघाटकर

पहिल्याचं उत्तर: नाही. नगदी असो, किरकोळ असो, पैसे घेऊन केलेलं काम म्हणजे काम. कार्डाआधी ते केलं तर तुमचा दर्जा मोडतो, आणि पुढे कुठलाही अर्ज करताना ते आडवं येतं. शेजाऱ्याला मैत्रीत बल्ब बदलून द्या, त्यावर कुणी बोट ठेवणार नाही.

दुसऱ्याचं उत्तर जरा कडू आहे. इलेक्ट्रिशियनचं लायसन्स तिथे प्रत्येक राज्याचं वेगळं असतं आणि आपलं आयटीआयचं प्रमाणपत्र दाखवून ते मिळत नाही. परवानाधारक माणसाच्या हाताखाली मदतनीस म्हणून सुरुवात करता येते. मी स्वतः डिप्लोमावाला. पहिलं वर्ष हार्डवेअरच्या दुकानात उभं राहून काढलं, आता एका एसीवाल्याकडे आहे. हात चालणाऱ्या माणसाला तिथे मान आहे, हे मात्र मनापासून सांगतो.

दारव्हेकरीण

हा धागा वाचून राहवलं नाही.

वायरमन भाऊ, तुमच्या गावातला तो मुलगा खोटं बोलत नसेल. त्याचा मावसभाऊ बहुतेक एच-४, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा, बघून बोलतो. लोक "डिपेंडंट" हा एकच शब्द वापरतात आणि सगळे व्हिसे त्यातच कोंबतात. मी एच-४ वर होते.

माझे मिस्टर तिकडच्या एका विद्यापीठात शिकवायचे, एच-१बी वर. मी बी.एड., दारव्ह्याला चार वर्षं मराठी आणि इतिहास शिकवलेलं. लग्न ठरताना कुणीतरी सांगितलं, "तिकडं शिक्षकांची लय गरज आहे, आठ दिवसांत नोकरी." आम्ही कुणीच नियम विचारला नाही. गेल्यावर कळलं की एच-४ वर कामाची परवानगी २०१५ च्या मे महिन्यापासून काही जणांना मिळते, पण त्यासाठी नवऱ्याची ग्रीन कार्डाच्या वाटेवरची आय-१४० ही याचिका मंजूर झालेली हवी, किंवा त्याच वाटेवर असताना त्याचं एच-१बी सहा वर्षांच्या पुढे वाढलेलं हवं. आमचं यातलं काहीच नव्हतं. शिकायला बंदी नव्हती, पण फी आमच्या आवाक्यातली नव्हती.

मी पाच वर्षं घरात बसले. घरात बसणं हे दुःख नाही, माझी आई आयुष्यभर घरातच राबली. पण माझ्या हातात खडू होता आणि तो काढून ठेवावा लागला. दुपारी समोरच्या शाळेची घंटा व्हायची. तास सुटल्यासारखी मी उठून खिडकीपाशी जायची. माझ्या नावावर तिथे काहीच नव्हतं, बँकेतला रुपयाही त्यांनी दिला तरच माझा.

आता आम्ही यवतमाळला परत आलो आहोत आणि मी पुन्हा शिकवते, तासिका तत्त्वावर का होईना.

म्हणून सांगते, "अमेरिकेत डिपेंडंटला काम करता येतं का?" असं विचारू नका. "जे-२ ला करता येतं का?", "एच-४ ला करता येतं का?" असं विचारा. व्हिसाचं अक्षर आणि आकडा विचारल्याशिवाय कुणी छातीठोक उत्तर देत असेल, तर त्याचं ऐकू नका. मला हे कुणी सांगितलं असतं, तर मी निघण्याआधी निदान एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम तरी ठरवून गेले असते.

आणि तुमच्या बाबांना सांगा. नवरा गेल्यावर बायकोनं मागून जायचं, तेव्हा "तू तिकडं काय करशील?" असं मला कुणीच विचारलं नव्हतं. तुम्हाला विचारलं जातंय. ते वाईट वाटून घेऊ नका, प्रश्न बरोबरच आहे.

संत्र्याची_बाग

ताई, तुमचा शेवटचा परिच्छेद घरात मोठ्यानं वाचला. आई बराच वेळ गप्प होती.

मेहकरची_मास्तरीन

मी दुबईत हाय, शाळेत शिकवते, नवऱ्याच्या व्हिसावर. इकडची गोठ येगळी. कुटुंबाच्या व्हिसावर असणाऱ्यानं नोकरी पाहिली, की मालक मनुष्यबळ मंत्रालयाकडून वर्क पर्मिट काढते. राहण्याचा व्हिसा नवऱ्याचाच रायते, कामाचा कागद शाळेचा. बाई नवऱ्याले आणते तवाबी तसंच, नवरा काम करू शकते. फक्त कुटुंब आणणाऱ्याचा पगार महिन्याले ४,००० दिरहम, नाई तं ३,००० अन् राहाले जागा, एवढा असा लागते.

एक सांगून ठेवते. इकडं लग्नाचा दाखला अन् डिग्री आधी आपल्या राज्याकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून, मग अमिरातीच्या वकिलातीकडून साक्षांकित करून आणा लागते. अन् पर्यटक व्हिसावर पाठवून "तिथं गेल्यावर नोकरी लावून देऊ" म्हणणाऱ्याच्या नादी कोणीच लागू नका. माह्या ओळखीच्या दोन पोरी तशा आल्या अन् रडत वापस गेल्या.

वाशीमकर

इंग्लंडचं लिहितो, कारण गणिताच्या शिक्षिका म्हटल्यावर तो पर्यायही लक्षात असावा. भारतात शिक्षक म्हणून पात्र असलेल्यांना २०२३ पासून तिथल्या क्यूटीएस या शिक्षक-दर्जासाठी थेट अर्ज करता येतो, पण गणित, विज्ञान किंवा भाषा, तेही ११ ते १६ वयाच्या मुलांना शिकवण्याची पात्रता असेल तर. माझी बहीण त्याच वाटेनं गेली.

स्किल्ड वर्कर व्हिसावरच्या शिक्षकाच्या जोडीदाराला तिथे पहिल्या दिवसापासून काम करता येतं. वेगळं कार्ड नाही, वेगळा अर्ज नाही. व्यावसायिक खेळाडू किंवा त्यांचा प्रशिक्षक होता येत नाही, एवढंच. माझे भाऊजी उतरल्यावर बाराव्या दिवशी गोदामात कामाला लागले.

पण पैसा आधी ओतावा लागतो. आरोग्य अधिभार मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६. नवरा, बायको, एक मूल आणि तीन वर्षं धरा, ८,५३८ पौंड होतात, आणि ते अर्जासोबत एकदम भरायचे. व्हिसाची फी निराळी. बहिणीसाठी आम्ही दोन भावांनी मिळून बैलजोडी आणि एक प्लॉट विकला. अमेरिकेत जे-१ मध्ये हा भार नाही, पण सगळ्यांचा आरोग्यविमा काढावाच लागतो आणि तिथला दवाखाना महाग. दोन्हीकडे काहीतरी द्यावंच लागतं.

पांढरकवडा_ते_पर्थ

ऑस्ट्रेलियात ४८२ (मालकानं बोलावलेल्या कुशल माणसाचा) व्हिसावरच्या शिक्षकाच्या जोडीदारालाही कामाची पूर्ण मुभा आहे, तासांची अट नाही. जपानमध्ये मात्र कुटुंबाच्या व्हिसावर वेगळी परवानगी घ्यावी लागते आणि ती आठवड्याला २८ तासांचीच. देश बदलला की नियम असा बदलतो.

सातबारा

मी महसूल खात्यात होतो, आता निवृत्त. सगळे तिकडचं सांगत आहेत, मी मागे राहणाऱ्या वावराचं सांगतो.

जमीन विकायची काही गरज नाही. अनिवासी भारतीयाला नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, पण असलेली ठेवता येते आणि वारसानंही मिळू शकते. बाबांच्या किंवा भावाच्या नावानं मुखत्यारपत्र करून ठेवा, आणि ते फक्त वहिवाट, बँक, पीकविमा एवढ्यापुरतं करा. विक्रीचा अधिकार त्यात घालू नका. माणसं वाईट नसतात, पण वेळ वाईट येते.

ठेक्यानं देणार असाल तर कागद करा, तोंडी नको. ई-पीक पाहणी वावरात उभं राहून मोबाइलवर करावी लागते, ती कोण करणार हे आजच ठरवा. पाहणी झाली नाही तर सातबाऱ्यावर पीक येत नाही, मग पुढे भरपाईच्या वेळी रडावं लागतं. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० अनिवासींना लागू नाहीत, अनिवासी झालात की ते स्वतःहून सोडा, नाहीतर वसुलीची नोटीस येते. बचत खातंही बँकेत सांगून एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्यावं लागतं.

वावरवाला_वायरमन

काका, ई-पीक पाहणीचं तं डोक्यातच नव्हतं. चुलतभावाले ठेक्यानं द्याचं ठरवून रायलो, पाहणी थो करन.

आता एक नवीनच अडचण दिसली. आमच्या लग्नाची नोंदणीच नाई. पत्रिका अन् फोटो हायत, बस. पोरीच्या जन्मदाखल्यावर तिचं नाव नाई, नुसतं "स्त्री" लिहिलं हाय. अन् बायकोच्या डिग्रीवर माहेरचं नाव.

ग्रामसेवक_तिवसा

घाबरू नका, अशी प्रकरणं आमच्याकडे रोज येतात.

खेड्यात विवाह निबंधक ग्रामसेवकच असतो. लग्न ज्या गावात लागलं किंवा तुम्ही जिथे राहता, तिथल्या ग्रामपंचायतीत अर्ज करा. तीन साक्षीदार लागतात, लग्न लावणाऱ्याची सही लागते, आणि उशीर झाल्याचं थोडं शुल्क. बाळाचं नाव जन्मनोंदीत पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. वर्षाच्या आत मोफत होतं, तुम्हाला विलंब शुल्क पडेल. दोन्ही दाखल्यांवरची इंग्रजी अक्षरं काउंटर सोडण्याआधी तपासा. आमच्याकडे एकाचं "वानखेडे" दोन कागदांवर दोन तऱ्हेनं लिहिलं गेलं आणि त्याचे तीन महिने गेले.

बायकोनं पासपोर्टवर सासरचं नाव घातलेलं नसेल तर घालूही नका. लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती कुठलाच कायदा करत नाही. डिग्री, पासपोर्ट आणि तिकडचे कागद एकाच नावावर राहिले तर निम्मं डोकं शांत राहतं.

हिंगणघाटकर

तिवसा साहेबांचं अगदी खरं. त्यात एक भर: डीएस-२०१९ तुमचा आणि मुलीचाही वेगळा निघतो, तो वहिनींच्या प्रायोजक संस्थेकडूनच. आत्ताच तुमची दोघांची नावं कळवा, मागाहून घालायला वेळ लागतो. सेव्हिस या सरकारी नोंदणीची २२० डॉलर फी एकट्या वहिनींना. व्हिसाची १८५ डॉलर मात्र प्रत्येकाला.

आणि नूतनीकरण. तुमचं कार्ड डीएस-२०१९ च्या तारखेच्या पुढे जात नाही. नूतनीकरणाचा अर्ज टाकला म्हणून जे-२ चं जुनं कार्ड आपोआप वाढलेलं धरत नाहीत. माझं कार्ड संपलं तेव्हा मी सात आठवडे घरी बसलो, मालकानं जागा ठेवली म्हणून बरं. मुदत संपण्याआधी १८० दिवसांपर्यंत अर्ज टाकता येतो, तेव्हाच टाका.

वहिनींची नोकरी हाच या सगळ्याचा खांब आहे. जे-१ संपला की जे-२ संपला, कार्डावर तारीख कितीही पुढची असो.

दारव्हेकरीण

कार्ड येईपर्यंत मुलगी तुमच्याजवळच असेल ना? तिकडे पाच वर्षांपासून सरकारी शाळा फुकट असते, त्याआधीचं पाळणाघर फार महाग. ते चार-पाच महिने "रिकामे" समजू नका, भाऊ. मी ज्या शेजारणीला ओळखायचे, तिच्या नवऱ्यानं तेवढ्या काळात गाडीचं लायसन्स काढलं, ग्रंथालयातल्या फुकट इंग्रजी वर्गात नाव घातलं. कार्ड आलं त्याच आठवड्यात तो कामावर होता.

वावरवाला_वायरमन

आठ दिवसांनी लिहून रायलो.

एजंटले नाई म्हणून सांगितलं. थो म्हणे, "मग पस्तावशीन." मी फोन ठेवून देल्ला.

काल ग्रामपंचायतीत लग्नाची नोंदणी झाली. लग्न लावणारे महाराज आता थकले, पण सही द्याले सायकलवर बसून आले. साक्षीदार म्हणून चुलतभाऊ, माहा मेहुणा अन् तिसरे माहे बाबा. फॉर्मवर सही केली अन् मले बाहेर नेऊन म्हणाले, "सहा महिने तिच्या पगारावर राहा लागन न? राह्य. नऊ वर्षं थे आपल्या घरी आली तशी राह्यली." बस, एवढंच बोलले.

बायकोनं वहीत हिशेब पूर्ण केला. तिचा पगार तिले अन् पोरीले पुरते, माह्या पत्राले थोच कागद जोडीन. जूनमध्ये पेरणी अन् एक डवरणी होईपर्यंत मी हाय, मग वावर भावाच्या हवाली.

हिंगणघाटकर भाऊ, एकच शेवटचं. माहे पक्कड, टेस्टर, मल्टिमीटर असं सामान सोबत घेऊन येऊ का?

हिंगणघाटकर

मल्टिमीटर आणा, बाकी राहू द्या. तिथे घरात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, बोर्डांचे आकार वेगळे, स्क्रू इंचात. पक्कड तर हातातल्या पिशवीत ठेवूच नका, विमानतळावर काढून घेतात. हत्यारं मी देईन, तोवर माझी वापरा. वहिनींची शाळा कुठल्या राज्यात आहे ते मात्र कळवा, तिथल्या इलेक्ट्रिशियन मंडळाचे नियम आत्तापासून काढून ठेवतो.